नसलेल्या कठड्याची सावली

१

घरमालकाची आई पोटमाळ्यावरून पडली ती रविवारी दुपारी. आठ फूट उंची, खाली दगडी फरशी. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा आजी अजून शुद्धीवर नव्हत्या.

पोटमाळा या ऑफिसने आखलेला. उंच छताच्या हॉलमध्ये अर्ध्यावर काढलेला लाकडी मजला, त्यावर नातीचं अभ्यासाचं टेबल, वर जायला अरुंद जिना. देखणा होता. फक्त कडेला कठडा नव्हता.

"नव्हता म्हणजे?" पट्टीकाका ओरडलेच. "मी काढलाय! तीन फूट उंच, उभ्या सळ्या, दोन सळ्यांत चार इंच अंतर. माझ्या नकाशात आहे!"

"तुमचा नकाशा साइटवर गेलाच नाही," मॅडम म्हणाल्या. "चित्रं गेली. हल्ली नकाशे कोण वाचतं? चित्रात कठडा नाही, आणि चित्रं हिने केलीत."

हिने, म्हणजे भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या शिकाऊ पोरीने. तिचं टेबल रिकामं होतं. संगणक मॅडमनी रविवारी संध्याकाळीच उचलून वकिलाकडे पोचवला होता. बुधवारी अकराला वकील येणार, पोरीने एका कागदावर सही करायची. मजकूर तयार होता: कठडा काढायचा माझ्याकडून राहून गेला, आणि चित्रं मी कुणालाही न दाखवता पाठवली.

पट्टीकाका एकतीस वर्षं या ऑफिसात ड्राफ्ट्समन. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणून हे नाव. दोन वर्षांपूर्वी त्यांचा ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेला आणि मॅडमनी सांगितलं, "रेंडरिंग शिका, नाहीतर बघू." त्या 'बघू'चा अर्थ न कळण्याइतके काका भोळे नव्हते. रेंडरिंग म्हणजे घर होण्याआधीच त्याचा फोटो काढायची विद्या. संगणकात खोली उभी करायची, तिला लाकूड, दगड, कापड चढवायचं, खिडकीबाहेर सूर्य टांगायचा आणि कॅमेरा ठेवायचा. छप्पन्नाव्या वर्षी काका ही विद्या याच पोरीकडून शिकत होते. जेवणाच्या सुट्टीत, तिच्याच खुर्चीत बसून. पोरगी तोवर खिडकीत बसून डबा खायची आणि तिथूनच ओरडायची, "काका, सेव्ह! दर दोन मिनिटांनी सेव्ह! लाइट गेली तर रडाल."

"ही कठडा विसरणार नाही," काका म्हणाले.

"मग कुणी गायब केला?" मॅडमनी विचारलं. "भुताने?"

"ते मी शोधतो. बुधवारपर्यंत."

"शोधा की," मॅडम म्हणाल्या. त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की काकांना ते खटकलं.

२

पोरगी जिन्यात बसली होती. काका तिच्या दोन पायऱ्या खाली बसले.

"खरं सांग, बाळ. कठडा काढला होतास?"

तिने मान वर केली. डोळे कोरडे ठणठणीत होते. "तुम्ही पण?"

"विचारावं लागतं."

"काढला होता. तुमच्या नकाशावरून, सळी न् सळी. चित्रं पाठवली त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आठ चित्रं मशीनला लावली आणि घरी गेले. चित्रं बनायला दहा-बारा तास लागतात, तुम्हाला माहितीये. गुरुवारी माझी परीक्षा होती, सुट्टी. सकाळी मॅडमनी माझ्या मशीनवरून चित्रं उचलली आणि घरमालकाला, मिस्त्रीला पाठवली. शुक्रवारी मी पाहिली. एकाही चित्रात कठडा नाही."

"आणि फाइलमध्ये?"

"फाइल उघडली तर कठडा जागच्या जागी! म्हणूनच तर चक्रावले. वाटलं, मॅडमना वरून खालचा हॉल मोकळा दिसायला हवा असेल, त्यांनी हिरोदादाकडून चित्रापुरता लपवून घेतला असेल."

"विचारलं नाहीस?"

"मागे एकदा बोलले होते ना मी, घरमालकासमोर. म्हटलं, कपाटाचं दार पलंगाला आपटेल. नंतर मॅडमनी केबिनमध्ये नेऊन विचारलं, तुला पगार कशाचा मिळतो, बघायचा की बोलायचा?" ती थांबली. "त्यानंतर मी बघते फक्त."

काकांनी खिशातली पट्टी चाचपली.

"रोज झोप छान लागायची, काका. एकदाही दचकून उठले नाही. माळा बांधून झाला, तरी नाही. आता त्याचीच किळस येते."

वरून मॅडमची हाक आली. पोरगी उठली, आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "माझ्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. बुधवारी सही केली की सांगीन."

"सही करणार आहेस?"

"नाही केली तर पोलिसांत तक्रार माझ्या एकटीच्या नावाने जाणार आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर सांगा."

३

मिस्त्री कारखान्यात फळी रंधत होता. काकांना बघून त्याने रंधा थांबवला नाही.

"मला चित्र दिलं, मी चित्राप्रमाणे केलं," तो म्हणाला. "माझ्यावर खापर फोडायला आला असाल तर तसं सांगा."

"इतकी वर्षं काम करतोयस. कठडा नसलेला माळा कधी केला होतास?"

रंधा थांबला. "नाही."

"मग हात कसा धजला तुझा?"

मिस्त्रीने हात पुसले, फोन काढला आणि काकांच्या नाकासमोर धरला. त्याने मॅडमना विचारलं होतं: *कठडा नको का?* खाली मॅडमचं उत्तर होतं: *चित्राप्रमाणे करा.* दोघांमध्ये एका मिनिटाचंही अंतर नव्हतं. एवढ्या वेळात चित्र उघडून बघणंसुद्धा होत नाही.

"अजून काय करायचं मी? पाया पडायचं?"

"चित्रं दाखव," काका म्हणाले.

त्यांना दोन चित्रं महत्त्वाची वाटली. एक माळ्यावरच्या टेबलामागून, समोरच्या मोठ्या खिडकीकडे बघणारं. दुसरं खालून, सोफ्याजवळून वर बघणारं. पहिल्यात खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि माळ्याच्या लाकडी जमिनीवर काळे पट्टे पडले होते. बारीक, समांतर, एकसारखे.

"हे पट्टे कसले रे?"

"खिडकीच्या गजांची सावली."

"त्या खिडकीला गज आहेत?"

मिस्त्रीने चित्र पुन्हा पाहिलं. खिडकी त्यानेच बसवली होती. एकसंध काच, एकही गज नाही.

काकांनी खिशातली पट्टी काढली आणि फोनच्या काचेवर टेकवली. टेबलाची रुंदी त्यांना पाठ होती, त्यावरून त्यांनी पट्ट्यांमधलं अंतर मनात ताडून पाहिलं. ते चार इंच भरत होतं.

कठडा त्या खोलीत होता. ऊन त्याला अडलं होतं, कॅमेऱ्याला मात्र तो दिसला नव्हता.

असं करता येतं हे काकांना ठाऊक होतं. वस्तूच्या गुणधर्मांत खोलवर एक बारीक 'बरोबर'ची खूण असते. ती काढली की वस्तू कॅमेऱ्याला दिसत नाही, पण तिची सावली पडतच राहते. पोरगी शिकवायची त्याखेरीज काका व्हिडिओवरचे धडेही गिरवत; त्यातल्या सातव्या धड्यात होतं ते. काकांनी स्वतः एका उभ्या दिव्यावर करून पाहिलं होतं, सरावाच्या वेगळ्या प्रतीत. पोरीला ते येत नव्हतं. तिला वस्तू लपवायला एकच मार्ग माहीत होता, यादीत वस्तूच्या नावापुढे असलेला डोळा मिटायचा. डोळा मिटला की वस्तूबरोबर सावलीही जाते.

म्हणजे पोरीने हे केलेलं नव्हतं. आणि ऑफिसात ही विद्या कोळून प्यायलेला एकच माणूस होता.

४

हिरो म्हणजे ऑफिसचा मुख्य रेंडरवाला. कानात सतत गाणी, टेबलावर कॉफीचे तीन अर्धवट कप. मंगळवारी दुपारी काका त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्याच्या कानातलं काढून टेबलावर ठेवलं.

"कठडा तू लपवलास."

"अरे वा! शेरलॉक... जाऊ दे. पुरावा काय?"

काकांनी सावलीचं सांगितलं. हिरोने चित्र मोठं करून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची टवाळी उतरली.

"बरोबर आहे तुमचं. पण मी नाही. मी आड येणाऱ्या गोष्टी कशा काढतो, बघितलंय ना तुम्ही?"

"कापून."

"कापून. कॅमेऱ्याच्या नाकासमोरचे चार फूट उडवायचे. पण त्यात आडवं येणारं सगळंच उडतं. इथे टेबलाची अलीकडची कड बघा, वरची वही बघा. शाबूत! कठडा त्यांच्या पलीकडे. कठडा कापायचा तर आधी टेबल जायला हवं."

काकांनी चित्रातलं टेबल जवळून पाहिलं.

"आणि दुसरं," हिरो आता रंगात आला होता. "माझी काप एका कॅमेऱ्यापुरती असते. खालून काढलेल्या चित्रात कठडा दिसलाच असता. तिथेही नाही. म्हणजे कुणीतरी थेट वस्तूचीच खूण काढलीय. मी कशाला त्या भानगडीत पडेन? चार ठिकाणी टिचक्या मारत आत जावं लागतं. मला वेळ कुठाय?"

"मॅडम?"

"मॅडमना फाइल उघडता येते आणि गोल फिरवता येते. बस. त्याच्यापुढे गेल्या तर मी नोकरी सोडेन."

"मग उरलं कोण?"

"ते तुम्ही सांगा, तपास तुमचा." हिरो अजून चित्रात डोकं घालून बसला होता. "ए काका, इकडे बघा. अजून एक गंमत. पट्ट्यांच्या डाव्या बाजूला ही लांबलचक सावली कशाची? वर टोपीसारखं काहीतरी."

काकांनी पाहिलं.

"दिवा आहे हा," हिरो म्हणाला. "टेबलाशेजारचा उभा दिवा. पण दिवा कुठाय? दिवापण गायब! आता दिवा कोण कशाला लपवेल? तो कुणाच्या आड येत होता?"

हिरो पुढे काय बोलत होता ते त्यांना ऐकू आलं नाही.

५

काका अर्धी रजा टाकून घरी आले आणि थेट कपाटापाशी गेले. रेंडरिंगची वही. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाची वही जशी असायची तशीच होती. प्रत्येक धड्याला तारीख, वार, आणि काय काय केलं ते आकडे घालून, क्रमाने.

सातवा धडा. बुधवार. तोच बुधवार.

*१. पोरीची पोटमाळ्याची फाइल उघडली. २. उभा दिवा निवडला. (दिवा 'काळं लोखंड' या गटात आहे. गट निवडला.) ३. कॅमेऱ्याची खूण काढली. ४. फक्त दिव्यापुरता चौकोन रेंडर केला. दिवा गेला, सावली राहिली! ५. सेव्ह. ६. 'काका-सराव' या नावाने वेगळी प्रत केली.*

काका पलंगावर बसले.

काळं लोखंड. कठडाही काळ्या लोखंडाचाच. त्यांनी दिवा लपवला नव्हता, खोलीतलं सगळं काळं लोखंड लपवलं होतं. चौकोन दिव्यापुरता, म्हणून कठडा गेलेला कळला नाही. काम करायच्या खिडकीत तर सगळं जागच्या जागीच दिसत राहतं. आणि पाचवी पायरी. आधी सेव्ह, मग प्रत. कागदावर त्यांनी एकतीस वर्षांत मूळ नकाशाला कधी पेन्सिल लावली नव्हती. नेहमी वर ट्रेसिंग ठेवायचं आणि मग हात चालवायचा. संगणकावर मात्र ते आधी मूळ फाइलवर गिरगटले, आणि नंतर त्या गिरगटलेल्या फाइलची प्रत काढली. दर दोन मिनिटांनी सेव्ह, एवढं एकच त्यांनी अगदी इमानदारीने पाळलं होतं.

बायको दारात उभी होती. "काय झालं? छातीत दुखतंय?"

त्यांनी सांगितलं. तिला रेंडरिंग कळत नव्हतं, पण नवरा कळत होता. ती शेजारी येऊन बसली.

"कुणाला माहितीये?"

"मला. आता तुला."

"निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमची."

"हो."

"ती पोरगी लहान आहे, तिला दुसरीकडे मिळेल काम." हे बोलून झाल्यावर बायको स्वतःच थांबली, आणि बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. "मी हे बोलले नाही," ती म्हणाली.

"बोललीस. मीपण तोच विचार करत होतो."

६

बुधवारी दहाला काका मॅडमच्या केबिनमध्ये शिरले आणि वही टेबलावर उघडून ठेवली. मॅडमनी वाचली. दोनदा वाचली.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तुम्ही होय."

"तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही."

"कुणीतरी लपवलाय हे मला रविवारीच कळलं. फाइल उघडली तर कठडा समोर उभा."

"म्हणजे पोरीने कठडा आखला होता हे तुम्हाला माहीत होतं?" काकांचा आवाज चढला. "आणि तरी तिच्याकडून लिहून घेताय की राहून गेला?"

"दार लावा."

"उघडं राहू दे."

मॅडम उठल्या आणि स्वतःच दार लावलं. "ऐका. तुम्ही खूण काढलीत. मी चित्र न बघता पाठवलं, मिस्त्रीला न बघता उत्तर दिलं. मिस्त्रीने मान डोलावली. त्या पोरीने बघून तोंड शिवलं. चार माणसांनी मिळून ती बाई पाडली. चौघं बुडायचं की एक? जिचं सगळ्यात कमी बिघडेल तिच्या नावावर जाऊ दे. ती शिकाऊ आहे. शिकाऊ माणसाकडून चुका होतात, लोक माफ करतात."

"शिकाऊ मीच होतो," काका म्हणाले. "चूकही शिकाऊचीच आहे. फक्त तुम्ही माणूस चुकीचा निवडलात."

"भावनेच्या भरात बोलू नका. तुमचं पेन्शन नाही, काही नाही. मी तुम्हाला ठेवलंय."

"माझा बोर्ड अडगळीत टाकलात तेव्हा मी गप्प बसलो. नकाशे साइटवर जायचे बंद झाले तेव्हाही गप्प बसलो. म्हटलं, आपण जुने. एक नकाशा गेला असता ना मॅडम, एक कागद, तर माझी चूक चित्रातच राहिली असती. घरात उतरली नसती."

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली. वकील आले होते. त्यांच्यामागे, तीन दिवसांची दाढी वाढलेला घरमालक. सही करणारीचं तोंड बघायला तो मुद्दाम आला होता.

७

कागद टेबलावर होता. पोरीने पेन हातात घेतलं होतं. काकांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बुधवार, दिवा, काळं लोखंड, सेव्ह, प्रत. मग मिस्त्रीचा प्रश्न आणि मॅडमचं उत्तर. वकिलाने मध्ये दोनदा "एक मिनिट" म्हणून पाहिलं. काका थांबले नाहीत. वही त्यांनी घरमालकाच्या हातात दिली.

पोरगी त्यांच्याकडे बघत होती. त्या नजरेत सुटका नव्हती आणि आभारही नव्हते.

"शुक्रवारी मला दिसलं होतं," ती घरमालकाला म्हणाली. "मी विचारलं नाही. तेही लिहा. पण 'राहून गेला' असं मी लिहिणार नाही. मी काढला होता." तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. मॅडमनी तिला हाक मारली नाही.

घरमालकाने वही मिटली. "तुम्ही माझ्या आईला कधी पाहिलंय?" त्याने काकांना विचारलं.

"नाही."

"मग चला. हे सगळं तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

हॉस्पिटलात आजी काल संध्याकाळी शुद्धीवर आल्या होत्या. एवढासा जीव, पाय लोखंडी चौकटीत अडकवलेला, कपाळावर जांभळा डाग. घरमालकाने कानाशी वाकून सांगितलं, "आई, हे ऑफिसातले. तुला काहीतरी सांगायचंय म्हणतात."

काका पुढे झाले. "आजी, माझ्या हातून..."

"किती वाजले?" आजींनी विचारलं.

"साडेबारा."

"तिची शाळा सुटली." आजींचे डोळे मुलाकडे वळले. "ती वर जाते का अजून?"

घरमालकाने काकांकडे पाहिलं. काकांनी घरमालकाकडे. रविवारपासून घरमालक घरी गेलेला नव्हता. आणि काका तीन दिवस सावल्या मोजत होते, कोणी कधी कुठली खूण काढली ते शोधत होते. जिना तसाच आहे का, हे ऑफिसातल्या एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं.

घरमालकाने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. काकांनी मिस्त्रीचा नंबर दाबला.

"मिस्त्री, सगळं सोड. फळ्या घे, दोरी घे, मिळेल ते घे, आणि त्या घरी जा. आधी जिना बंद कर. पोरगी शाळेतून..."

"कुठला जिना?" पलीकडे यंत्राचा आवाज होता. मिस्त्री ओरडून बोलत होता. "तो सोमवारीच उपटून आणलाय मी! तुम्ही गेलात, मला काही बसवेना. घरातल्या वहिनींना सांगून आलो, कठडा होईपर्यंत जिना मिळायचा नाही. इथे भिंतीला उभा आहे. कठड्याच्या सळ्या कापतोय आता. अंतर चारच इंच ना?"

"चारच," काका म्हणाले.

त्यांनी फोन खिशात ठेवला. आजी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"जिना नाही आता, आजी. मिस्त्रीने सोमवारीच काढून नेला. तिला वर जाता येणार नाही."

"मग झालं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

घरमालक भिंतीला टेकून खाली बसला. काकांना तिथूनच निघून जाता आलं असतं. आजींनी काही विचारलं नव्हतं, आणि विचारण्याइतकी ताकदही त्यांच्यात नव्हती. काकांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, आवाज न करता पलंगाजवळ ठेवलं आणि बसले.

"आजी, झोपू नका एवढ्यात. मला अजून सांगायचंय."

मिटल्या डोळ्यांनीच आजींनी मान किंचित हलवली.

"सांगा."